'स्टार ट्रेक'चं पहिलं पर्व पुन्हा पाहायचं असेल तर चित्रीकरणाच्या क्रमाने पाहा

एन्टरप्राइझ या अवकाशयानावर घडणारी ही जुनी अमेरिकन विज्ञानकथा-मालिका एकदा पाहिलेल्यांच्या डोक्यात तिचं एक तयार चित्र असतं. कॅप्टन कर्कचा आत्मविश्वास, व्हल्कन वंशाच्या स्पॉकची वर गेलेली भुवई, डॉक्टर मॅकॉयचा वैताग, इंजिनांसाठी जीव टाकणारा स्कॉटी. चित्र बरोबरच आहे, पण ते पक्कं झालं नंतर. पहिल्या पर्वाला सुरुवात झाली तेव्हा यातलं फारसं काही ठरलेलं नव्हतं. स्पॉक ओरडायचा, हसायचासुद्धा. एन्टरप्राइझ नेमकं कोणाचं यान आहे, याचा लेखकांनाच पत्ता नव्हता.

८ सप्टेंबर १९६६ रोजी एनबीसी वाहिनीवर पहिला भाग लागला आणि १३ एप्रिल १९६७ रोजी पर्व संपलं. एकूण २९ भाग. या सात महिन्यांत मालिकेला स्वतःचा आवाज सापडला, आणि तो सापडताना पाहता येणं हेच पुन्हा पाहण्याचं खरं सुख आहे. मात्र भाग समोर येतील तसे पाहत गेलात तर ते निसटतं, कारण प्रक्षेपणाचा क्रम आणि चित्रीकरणाचा क्रम यांचा मेळच बसत नाही. म्हणून आधी थोडी तयारी करावी लागते.

आधी वेळेचा हिशोब

एक भाग साधारण ५० मिनिटांचा. २९ भागांचे सुमारे २४ तास होतात, आणि नाकारला गेलेला पहिला पायलट भाग, म्हणजे वाहिनीला दाखवायचा नमुना, धरला तर आणखी तासभर. दोन सुट्ट्यांत सगळं उरकता येईल, पण तसं करू नका. हे भाग आठवड्याला एक या बेताने लिहिलेले आहेत. सलग पाच पाहिले की एकाच साच्यातली वळणं डोळ्यांवर येऊ लागतात: यानावर चढलेला अनोळखी पाहुणा, देवासारखी शक्ती मिळालेला माणूस, वादात हरवलेलं यंत्र. आठवडाभराच्या अंतराने हेच साचे खटकत नाहीत. एका बैठकीत दोन भाग ही माझी कमाल मर्यादा, आणि काही भागांना तर पूर्ण संध्याकाळ द्यावी. ते कोणते, हे पुढे ओघात येईलच.

कोणती आवृत्ती घ्यावी

२००६ पासून या मालिकेची नव्याने स्वच्छ केलेली आवृत्ती उपलब्ध आहे. तिच्यात यानाची, ग्रहांची आणि अवकाशातली दृश्यं संगणकावर पुन्हा तयार केली आहेत. ब्लू-रे संचात जुनी आणि नवी, दोन्ही दृश्यं निवडता येतात. पुन्हा पाहताना जुनीच निवडा. कारण निव्वळ जुन्याची ओढ नव्हे. मूळ एन्टरप्राइझ हे सुमारे ११ फूट लांबीचं खरंखुरं मॉडेल होतं. १९७४ साली ते स्मिथसोनियन संस्थेकडे गेलं आणि आज वॉशिंग्टनच्या हवाई व अवकाश संग्रहालयात आहे. त्याचं दर नवं चित्रीकरण म्हणजे खर्च. त्यामुळे तेच तुकडे पुन्हा पुन्हा वापरले गेले आणि संकलनाची लय त्या तुकड्यांभोवती बसवली गेली. नवी दृश्यं देखणी आहेत, पण शेजारच्या प्लायवुडच्या भिंतींशी त्यांचं जमत नाही.

चित्राची स्वच्छता मात्र नवीच हवी, आणि त्याचं कारण रंग. एनबीसीची मालक असलेली आरसीए कंपनी रंगीत टीव्ही संच विकत होती, त्यामुळे वाहिनीला भडक रंगांचे कार्यक्रम हवेच होते. छायाचित्रकार जेरी फिनरमन यांनी यानाच्या करड्या भिंतींवर जांभळा, हिरवा, लाल प्रकाश टाकला आणि एकाच मार्गिकेतून वेगवेगळ्या जागा उभ्या केल्या. एखादं दृश्य थांबवून नुसती मागची भिंत पाहा. विक्रीच्या गरजेतून आलेल्या अटीचं या माणसाने काय करून दाखवलं, ते तिथे दिसतं.

आवाजाकडेही लक्ष असू द्या. अलेक्झांडर करेज यांनी शीर्षकसंगीत तर दिलंच, पण शीर्षकात यान झूमकन निघून जातं तो आवाजही त्यांनी तोंडाने काढलेला आहे.

क्रम, आणि तो का बदलायचा

वाहिनीने सगळ्यांत आधी 'द मॅन ट्रॅप' दाखवला, कारण त्यात राक्षस होता आणि परका ग्रह होता. पण १९६५ मध्येच चित्रित झालेला दुसरा पायलट 'व्हेअर नो मॅन हॅज गॉन बिफोर' हा तिसऱ्या आठवड्यात लागला. नियमित निर्मिती सुरू झाल्यावर सर्वांत आधी तयार झालेला 'द कॉर्बोमाइट मनूव्हर' तर थेट १० नोव्हेंबरला, दहावा म्हणून. अवकाशातल्या दृश्यांचं काम ज्या भागांत जास्त ते मागे राहिले, हलके भाग पुढे सरकले. प्रक्षेपणाच्या क्रमाने पाहिलं की गणवेश बदलतात, संपर्क अधिकारी उहुराचा पोशाख सोनेरी-लाल-सोनेरी असा उड्या मारतो, मॅकॉय येतो, गायब होतो आणि पुन्हा येतो. चित्रीकरणाच्या क्रमाने पाहिलं की सगळं सरळ रेषेत लागतं.

सुरुवात 'द केज'पासून करा. हा पहिला पायलट. यात कॅप्टन आहे जेफ्री हंटर यांनी साकारलेला ख्रिस्तोफर पाइक. दुय्यम अधिकारी एक स्त्री आहे, थंड डोक्याची, भावना न दाखवणारी, आणि तिला नावसुद्धा नाही, नुसतं 'नंबर वन' म्हणतात. स्पॉक आहे, पण तो गाणाऱ्या पानांना हात लावून खुशाल हसतो. प्रेक्षकांच्या डोक्याला हे फार जड होईल, असं ठरवून वाहिनीने हा पायलट नाकारला. दुसऱ्या पायलटमध्ये नंबर वन नाही आणि तिचा थंडपणा हळूहळू स्पॉककडे गेला आहे. आपल्याला आवडणारा स्पॉक हा दोन पात्रांचा मिळून झालेला आहे. हे वाचून कळणं वेगळं. लागोपाठच्या दोन संध्याकाळी दोन्ही पायलट पाहिले की ते डोळ्यांना दिसतं.

दुसऱ्या पायलटमध्ये थडग्यावरची अक्षरं पाहायला विसरू नका. कर्कच्या मधल्या नावाचं आद्याक्षर तिथे 'आर' आहे, पुढे सगळीकडे असलेलं 'टी' नव्हे.

वही जवळ ठेवा

दर भागाला अर्धं पान पुरतं. कथानक लिहू नका, ते कुठेही मिळतं. मी तीनच गोष्टी टिपते. समोरच्या परक्याबद्दल कर्कचा पहिला अंदाज काय होता आणि शेवटी त्यातलं किती खरं निघालं? त्याचं मत कोणाच्या बोलण्याने बदललं? आणि शेवटच्या दृश्यात पुलावर, म्हणजे यानाच्या नियंत्रणकक्षात, हशा आहे की शांतता? तिसरा प्रश्न क्षुल्लक वाटेल, पण पर्वातले चांगले भाग बहुतेक शांततेवर संपतात.

जोडीला शब्दही टिपा. 'स्टारफ्लीट' (यान ज्या ताफ्याचं तो) आणि 'फेडरेशन' (ग्रहांचा संघ) हे शब्द पहिल्या दिवसापासून आहेत असं आपण गृहीत धरतो. प्रत्यक्षात ते पर्वाच्या मध्यापर्यंत ऐकू येत नाहीत. 'चार्ली एक्स'मध्ये यान पृथ्वीच्याच एका अवकाश संस्थेचं असल्यासारखं बोललं जातं. 'मड्स विमेन'मध्ये स्पॉक 'व्हल्कन' नव्हे, 'व्हल्कनियन' आहे. लेखक जग रचत होते आणि रचता रचता त्याला नावं देत होते.

पहिला टप्पा: माणसं सापडतात

दुसऱ्या पायलटनंतर 'द कॉर्बोमाइट मनूव्हर', 'मड्स विमेन', 'द एनिमी विदिन', 'द मॅन ट्रॅप', 'द नेकेड टाइम', 'चार्ली एक्स' आणि 'बॅलन्स ऑफ टेरर', याच क्रमाने.

'कॉर्बोमाइट'ला पूर्ण संध्याकाळ द्या. मॅकॉय आणि उहुरा इथे पहिल्यांदा कॅमेऱ्यासमोर आले. पहिल्याच प्रसंगात मॅकॉय कर्कची तपासणी पूर्ण व्हावी म्हणून धोक्याचा दिवा लागलेला पाहूनही गप्प बसतो. त्या एका खोडीत दोघांची मैत्री उभी राहते. स्पॉकही इथेच सापडला. पुलावरचे सगळे भेदरलेले असताना एक शब्द थंडपणे, शास्त्रज्ञाच्या कुतूहलाने म्हण, असं दिग्दर्शक जोसेफ सार्जंट यांनी लेनर्ड निमॉय यांना सुचवलं, आणि पात्राची किल्ली आपल्याला तिथे मिळाली असं निमॉय पुढे सांगत. पडद्यावरचा भयानक चेहरा हे बुजगावणं निघतं आणि त्यामागे लहान मुलासारखा दिसणारा, एकटेपणाला कंटाळलेला जीव असतो. पहिल्याच नियमित कथेत, शत्रू वाटणारा शत्रू नाही. दहाव्या आठवड्याऐवजी हा भाग पहिल्या आठवड्यात लागला असता, तर मालिकेची ओळखच वेगळी झाली असती, असं मला राहून राहून वाटतं.

'मड्स विमेन' एका बैठकीत दुसऱ्या कशाला तरी जोडून पाहून टाका. 'द एनिमी विदिन'वर मात्र थांबा. माणसांना क्षणात यानावरून ग्रहावर पोहोचवणाऱ्या वाहतूक यंत्रातल्या बिघाडाने कर्कचे दोन तुकडे होतात, एक हिंस्र, एक मवाळ. हिंस्र भाग काढून टाकला की मवाळ कर्कला निर्णयच घेता येत नाही, हा रिचर्ड मॅथिसन यांचा विचार आजही कसदार आहे. यान चालवणारा सुलू ग्रहावर अडकून गोठत असताना त्याला आणायला छोटं यान का पाठवत नाहीत, असा प्रश्न पडेल. उत्तर साधं आहे. छोटं यान तोवर बांधलेलंच नव्हतं, ते 'द गॅलिलिओ सेव्हन'मध्ये पहिल्यांदा येतं. वाहतूक यंत्राची कल्पनासुद्धा यान दर आठवड्याला ग्रहावर उतरवणं परवडत नव्हतं म्हणूनच आली.

याच भागात हिंस्र कर्क योमन, म्हणजे कॅप्टनची मदतनीस, जॅनिस रँडवर हल्ला करतो, आणि शेवटी स्पॉक त्यावरून तिला उद्देशून एक शेरा मारतो. तो शेरा तेव्हाही चुकीचा होता. त्यावरून पुढे पळू नका. हीच मालिका आधी एका स्त्रीला यानाची दुय्यम अधिकारी करू पाहत होती आणि इथे तिच्या लेखकांना एका पीडितेशी कसं बोलावं हे कळत नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि दोन्ही वहीत जायला हव्यात. ग्रेस ली व्हिटनी यांनी साकारलेली रँड पर्वाच्या मध्यावरच मालिकेतून गेली. 'बॅलन्स ऑफ टेरर'मध्ये उहुरा ऐन लढाईत दिशादर्शकाच्या जागेवर बसते, कोणी त्याचा उल्लेखही करत नाही. उहुरा साकारणाऱ्या निशेल निकल्स पहिल्या पर्वानंतर मालिका सोडणार होत्या. मार्टिन ल्यूथर किंग यांनी भेटून थांबायला सांगितलं म्हणून आपण थांबलो, असं त्यांनी अनेकदा सांगितलं आहे. त्या जागेवर तिचं नुसतं असणं म्हणजे काय होतं, ते यावरून समजावं.

'द नेकेड टाइम'मध्ये उघड्या छातीचा सुलू तलवार घेऊन धावतो ते सगळ्यांना आठवतं. तुम्ही स्पॉकचं एकट्याचं दृश्य पाहा. आईवर प्रेम आहे हे तिला कधी सांगता आलं नाही, एवढंच त्याला म्हणायचं आहे. रडणं आवरायला तो आकडे मोजू लागतो.

मग 'बॅलन्स ऑफ टेरर'. याला पुन्हा पूर्ण संध्याकाळ, दिवे मालवून. पाणबुडीच्या युद्धपटांची घडण जशीच्या तशी अवकाशात आणली आहे: दोन याने, एक अदृश्य, आणि दोन्हीकडे श्वास रोखून बसलेली माणसं. रोम्युलन पहिल्यांदा पडद्यावर दिसतात आणि ते हुबेहूब व्हल्कनसारखे, म्हणजे स्पॉकच्या वंशासारखे, निघतात. त्या क्षणी पुलावरच्या लेफ्टनंट स्टाइल्सची नजर शत्रूवरून स्पॉककडे वळते. परक्याबद्दलचा द्वेष शेजारच्या खुर्चीवर कसा येऊन बसतो, हे इतक्या थोडक्यात क्वचितच दाखवलं गेलं असेल. मार्क लेनर्ड यांचा रोम्युलन सेनापती युद्धाला कंटाळलेला आहे, आणि शेवटी कर्कला म्हणतो की वेगळ्या परिस्थितीत आपण मित्र झालो असतो. भाग लग्नाने सुरू होतो आणि एकट्या वधूवर संपतो. हशा नाही.

मधला पट्टा

'व्हॉट आर लिटल गर्ल्स मेड ऑफ?', 'डॅगर ऑफ द माइंड', 'मिरी', 'द कॉन्शन्स ऑफ द किंग', 'द गॅलिलिओ सेव्हन', 'कोर्ट मार्शल'. इथे थोडा वेग वाढवला तरी चालेल. 'डॅगर'मध्ये व्हल्कन मनोमीलन, म्हणजे स्पर्शाने दुसऱ्याच्या मनाशी मन जोडणं, पहिल्यांदा येतं, ते लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. 'गॅलिलिओ'मध्ये स्पॉकच्या हाती सूत्रं येतात आणि त्याचा तर्क माणसांपुढे थिटा पडतो.

त्यानंतर 'द मिनॅजरी', दोन भागांत. संहिता आणि इफेक्ट्सचं काम मागे पडत चाललं होतं, म्हणून नाकारलेला 'द केज' नव्या कथेच्या चौकटीत बसवून दोन आठवडे भरून काढले. हंटर उपलब्ध नव्हते, तेव्हा जखमी पाइकचं काम दुसऱ्याच नटाला रंगभूषेखाली दिलं. अशा नडीतून जन्मलेल्या भागांना विज्ञानकथांसाठीचा १९६७ चा ह्यूगो पुरस्कार मिळाला. 'द केज' आधी पाहिलेला असल्यामुळे तुम्हाला इथे जास्त मिळेल. तीच दृश्यं, पण आता ती एका अपंग झालेल्या माणसाच्या आठवणी आहेत, आणि जुना हसरा स्पॉक आपल्या जुन्या कॅप्टनसाठी नोकरी आणि जीव पणाला लावतो आहे.

दुसरा टप्पा: मालिका विचार करू लागते

पर्व चालू असतानाच जीन एल. कून निर्माता म्हणून आले. मालिकेची कल्पना जीन रॉडनबेरी यांची, पण तिचा विवेक बराचसा कून यांचा आहे, असं माझं ठाम मत आहे. 'शोअर लीव्ह' आणि 'द स्क्वायर ऑफ गॉथॉस' ही मजा करून घ्या, आणि 'अरीना'ला आलात की वही पुन्हा उघडा.

'अरीना'तला सरड्यासारखा गॉर्न रबरी आहे, त्याकडे दुर्लक्ष करा. ठाणं उद्ध्वस्त झालेलं पाहून कर्क सूडाने पेटलेला असतो. मग कळतं की गॉर्नच्या दृष्टीने ते ठाणंच घुसखोरी होतं. हरलेल्या शत्रूला कर्क मारत नाही. 'अ टेस्ट ऑफ आर्मगेडन'मध्ये दोन ग्रहांचं युद्ध ५०० वर्षं संगणकावर चाललेलं असतं, आणि हिशोबात मेलेले नागरिक रांगेने मरणकक्षात जातात. फेब्रुवारी १९६७ मध्ये, व्हिएतनाम युद्ध चालू असताना, अमेरिकेत हे घरोघर दिसलं. 'एरंड ऑफ मर्सी'मध्ये क्लिंगॉन ही शत्रू जमात पहिल्यांदा येते. तिथे एक क्षण आहे: त्या ग्रहावरचे ऑर्गेनियन लोक लढाई थांबवतात आणि कर्क संतापून आपल्या युद्धाच्या हक्काबद्दल बोलू लागतो. मग आपण काय बोलतो आहोत हे त्यालाच ऐकू येतं. कर्क साकारणाऱ्या शॅटनर यांचा चेहरा पाहा, पर्वातलं त्यांचं सर्वोत्तम काम तिथे आहे.

या टप्प्यात 'दि ऑल्टरनेटिव्ह फॅक्टर'ही आहे. मुख्य पाहुण्या भूमिकेतला नट ऐन वेळी आलाच नाही आणि ती दुसऱ्याला द्यावी लागली. ती धांदल पडद्यावर दिसते. वगळलात तरी काही बिघडत नाही. 'टुमॉरो इज यस्टरडे' हलकाफुलका आहे, 'द रिटर्न ऑफ दि आर्कॉन्स' ढिला, पण इतर संस्कृतींत हस्तक्षेप न करण्याचा नियम त्यात पहिल्यांदा ऐकू येतो. 'स्पेस सीड' पाहताना त्यातल्याच खानवरचा १९८२ चा चित्रपट डोक्यातून काढून टाका. रिकार्डो माँटलबान यांचा खान इथे अजून सूडाने जळत नाही. तो मोहक आहे, आणि यानावरचे लोक त्याच्याबद्दल कौतुकाने बोलतात तेच भीतीदायक आहे.

'धिस साइड ऑफ पॅराडाइज' डोरोथी फोन्टाना यांनी पुन्हा लिहिला. आधीच्या संहितेत प्रेमात पडणार होता सुलू. त्या जागी त्यांनी स्पॉकला आणलं आणि एक साधी कथा हृदय पिळवटणारी झाली. या कामानंतर त्या मालिकेच्या कथा-संपादक झाल्या.

आणि मग 'द डेव्हिल इन द डार्क', ९ मार्च १९६७. लेखक कून. खाणीत एक प्राणी कामगारांना जाळून मारतो आहे. ५० जण गेले आहेत. खडकासारखा, सिलिकॉनचा बनलेला, हॉर्टा नावाचा हा जीव. सुरुवातीला स्पॉकला तो जिवंत हवा आहे आणि कर्कला मेलेला. मग कर्क एकटा त्याच्यासमोर सापडतो. संपर्कयंत्रावर स्पॉक घाबरून म्हणतो, मारून टाक. आणि शस्त्र रोखून उभा असलेला कर्क मारत नाही. दोघांच्या भूमिकांची ही अदलाबदल इतकी सहज घडते की पहिल्या खेपेस लक्षातही येत नाही. मनोमीलनातून कळतं की कामगारांनी दगड समजून फोडलेले गोळे ही तिची अंडी होती. राक्षस आई निघते. अंगावर गालिचा ओढून रांगणारा माणूस आहे हे स्पष्ट दिसतं, तरी डोळे भरून येतात.

शेवटचे दोन, आणि पुन्हा एक

'द सिटी ऑन दि एज ऑफ फॉरएव्हर' न थांबवता, फोन दूर ठेवून पाहा. मूळ संहिता हार्लन एलिसन यांची. ती बरीच बदलली गेली आणि ते त्यावर कायम नाराज राहिले. त्यांच्या मूळ संहितेला लेखक संघटनेचा पुरस्कार मिळाला आणि पडद्यावरच्या भागाला १९६८ चा ह्यूगो. १९३० सालचं न्यूयॉर्क, गरिबांना सूप वाटणारी एडिथ कीलर, आणि तिचं जगणं म्हणजे हिटलरचा विजय, हे स्पॉकने जुन्या रेडिओच्या सुट्या भागांतून शोधून काढलेलं सत्य. रस्त्यावरच्या त्या क्षणी कर्क धावत नाही, मॅकॉयला अडवतो. नंतर तो जवळजवळ काहीच बोलत नाही.

'ऑपरेशन: ॲनाहिलेट!' दुसऱ्या दिवशी पाहा, त्याच संध्याकाळी नको.

एवढं झालं की 'द मॅन ट्रॅप'कडे परत जा, तुमच्या टिपणांसह. मिठावर जगणारा तो जीव आपल्या जातीतला शेवटचा आहे. शास्त्रज्ञ क्रेटर त्याची तुलना पृथ्वीवर कळपांनी मारल्या गेलेल्या रानगव्यांशी करतो, पण कोणाला ऐकायला वेळ नसतो आणि मॅकॉय गोळी झाडतो. सहा महिन्यांनी हॉर्टासमोर जे घडलं ते इथे घडू शकलं असतं. जहाजभर मीठ होतं. शेवटच्या दृश्यात स्पॉक कर्कला विचारतो, काही बिनसलं आहे का. कर्क म्हणतो, रानगव्यांचा विचार करत होतो. पहिल्या खेपेस हे वाक्य माझ्या कानावरून गेलं होतं.